केसाइतकी बारीक

कोव्ही म्हणतात हिला, आमच्या मिनासच्या डोंगरात.
कोबीच्याच घराण्यातली, पण गड्डा बांधून बसणं
हिच्या स्वभावात नाही.
पानं पसरून उभी असते परसात,
येईल त्यानं खुडावं.

मी झुल्मिरा. बसस्टँडमागच्या बाजारात
तिसरा ओटा माझा.
जुडी तीन रियालला, चिरून हवी तर चार.
त्या वरच्या एका रियालमधून
सुरीला धार येते
आणि पोरीला वह्या.

सेउ अदेलिनो दर मंगळवारी येतात, दोन वर्षं झाली.
रेल्वेत सांधेवाले होते.
आता रूळ उखडलेत, सांधे तेवढे उरलेत
गुडघ्यात, दुखायला.
चिरलेली जुडी घेतात, पिशवीत ठेवतात, आणि विचारतात,
"किती वेळ ठेवायची आचेवर?"

मी सुरी न थांबवता सांगते.
धुऊन पुसूनच चिरलीय, पुन्हा पाण्यात घालू नका,
ओली राहिली तर ती परतली जात नाही,
रडत बसते.
तवा लोखंडी. तापू द्या, चांगला तापू द्या.
चमचाभर डुकराची चरबी, नसेल तर तेल.
लसणाच्या दोन पाकळ्या, सुरीच्या पात्याखाली चेचून.
वास सुटला की लगेच,
लाल व्हायच्या आधी, लक्षात ठेवा, आधी,
कोव्ही टाका, मीठ टाका,
एकदा वर, एकदा खाली,
आणि गॅस बंद.

"बंद?"
बंद. पुढचं तव्याला कळतं.

"एवढ्यात शिजते?"
शिजवायचीय कुणाला? नुसती घाबरवायची.

दर मंगळवारी ते इथे हसायचे,
पहिल्यांदाच ऐकल्यासारखे.
शेजारची इरासेमा टोमॅटो पुसता पुसता म्हणायची,
म्हाताऱ्याच्या डोक्याला भोक पडलंय.
मला तसं वाटलं नाही कधी.
एकट्याच्या घरात दिवसभर
"लक्षात ठेवा" म्हणायला कोण असतं?

गेल्या मंगळवारी आले ते डबा घेऊन.
ओट्यावर ठेवला, झाकण काढलं,
आणि माझ्याकडे न बघता
समोरच्या केळ्यांकडे बघत उभे राहिले.

कोव्ही होती. माझ्या हातची नव्हे.
एक धागा केसासारखा,
दुसरा सुतळीसारखा,
मध्येच देठाचा ढलपा, चुकून आत आलेल्या पाहुण्यासारखा.
पण रंग!
पोपटानं मान वळवून दोनदा पाहावं असा.
बोटांनीच उचलली, खाल्ली.
लसूण जरा पुढे गेलेला, कडेला कडू.
मीठ कमी.

"मीठ कमी," मी म्हटलं.
"डॉक्टर," ते म्हणाले.
आणि मग, "सुरी घेतली. नवी.
आज जुडी नुसतीच द्या. अख्खी."

तीन नाणी मोजून ठेवली त्यांनी.
खोटं कशाला बोलू,
मी मनात आधी हिशेबच केला,
आठवड्याचा एक, महिन्याचे चार,
वर्षाच्या पन्नासाला दोन वर.
मग डब्यातला आणखी एक घास घेतला.
गार झाली होती, तरी बरी लागत होती,
भाताबरोबर, राजम्याच्या रश्शाबरोबर
आणखी बरी लागली असती.

फाटकापर्यंत गेले, आणि परत आले.
"झुल्मिरा, ती गुंडाळी सुटते माझी."

जुडी घेतली त्यांच्याच पिशवीतून.
देठाची शीर काढून टाका.
मोठं पान खाली, त्याच्यावर लहान, त्याहून लहान,
आता चटईसारखी वळा, घट्ट, अजून घट्ट,
डाव्या हाताखाली दाबून धरा.
बघू तुमचा हात?

अंगठ्याला चिकटपट्टी. तर्जनीलाही.

बोटांची टोकं आत वळवा, मी म्हटलं,
सुरीसमोर पेरं येऊ द्यात.
हं. असं. आता हळू.

मागे चार बायका खोळंबल्या होत्या.
खोळंबू देत.